ओहोटीला उघडणारं उद्यान

वाशीच्या आमच्या इमारतीत एक बँकवाले, दोन मास्तर, तीन मंत्रालयवाले आणि एक शेवाळवाली राहते, असं वॉचमन नव्या माणसाला सांगायचा. शेवाळवाली म्हणजे मी. ऐंशी सालच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुली तेव्हा शाळेत शिकवायला लागत, नाहीतर लग्न करत. मी मुंबईतल्या एका कॉलेजातल्या सरांच्या हाताखाली समुद्रातल्या शेवाळांवर संशोधन करू लागले. आईने शेजारणींना "समुद्रावर काहीतरी सरकारी आहे" एवढंच सांगायचं ठरवलं होतं. आमच्या बाल्कनीत वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये शेवाळाचे नमुने दाबून ठेवलेले असत आणि वर वजन म्हणून पाटा-वरवंटा. दोन वर्षं घरात पाट्यावर वाटण झालं नाही. शेवटी मिक्सर आला. तो माझ्यामुळे आला हे आईने कधीच मान्य केलं नाही.

माझा समुद्र वाशीचा नव्हता. वाशीला नुसता चिखल. मी एस.टी.ने उरणच्या बाजूला जात असे. तिथल्या एका लहानशा गावाखाली एक सपाट खडक समुद्रात लांबवर शिरला होता. भरतीला तिथे गढूळ पाण्याखेरीज काही दिसत नसे. अवस-पुनवेच्या मोठ्या ओहोटीला मात्र, सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, तो तास-दीड तास उघडा पडे आणि त्यावर तपकिरी शेवाळाचं रान दिसे. कमरेइतकं उंच. वाटाण्याएवढे हवेचे फुगे त्याच्या फांद्यांना लागलेले असत, त्यांच्या जोरावर ते पाण्यात ताठ उभं राही. पाणी गेलं की अंग टाकून द्यायचं. हाताने बाजूला सारलं की आत खेकडे, कोळंबीची पिल्लं, माशांची नखाएवढी पोरंबाळं.

पाण्याखालच्या या जंगलाचा आम्ही अभ्यास करत होतो, पण पाण्याखाली उभं असलेलं ते मी कधीही पाहिलेलं नाही. तिथल्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. सरांना पोहता येत नव्हतं, ते किनाऱ्यावर छत्री धरून उभे राहून लॅटिन नावं सांगत. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पायांनी अभ्यास करी. मोजणीसाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लाकडी चौकट लागायची. ती ज्या सुताराने करून दिली तो देवांच्या तसबिरी मढवायचा, त्यामुळे आमच्या चौकटीला वर टांगायची कडी होती. ती काढ म्हटलं तर म्हणाला, "राहू दे ताई, पुढंमागं लागेल." मी ती चौकट टाकायची आणि आतली झाडं मोजायची. काही लोक देवळात जातात, मी त्या खडकावर जायची. मला तो फार आवडत होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

एका मार्गशीर्षात गेले तर किनाऱ्यावर चुन्याच्या रेघा आणि खुंट्या. गावातल्या बायका म्हणाल्या, मुरूम पडणार, गोदाम होणार. खडक पार गाडला जाणार होता. मी तशीच ओल्या साडीने एस.टी. पकडली आणि जिथे नव्या शहराचे नकाशे निघत त्या ऑफिसात गेले. सरांना ट्रंककॉल करून बोलावून घेतलं.

तिथले साहेब देशावरचे, दुष्काळी भागातले. फार सज्जन माणूस. पाण्याचा विषय निघाला की चष्मा काढून पुसत. आमचं सगळं ऐकून म्हणाले, "ताई, मला तुमचं काम करायचंय. पण जागा राखीव दाखवायची तर रकाना पाहिजे. शेवाळाला रकाना नाही."

"मग नवा काढा," मी म्हटलं.

"नव्या रकान्याला मंजुरी लागते. ती येईपर्यंत तुमच्या खडकावरच्या गोदामात माल भरलेला असेल." त्यांनी छापील यादी पुढे ओढली. शाळा, दवाखाना, बाजार, क्रीडांगण, उद्यान, स्मशान. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "स्मशान टाकू या का? स्मशानाला कोणी हात लावत नाही. माझ्या नोकरीत एकही स्मशान हललेलं नाही."

सर दुखावले. "तिथे सगळं जिवंत आहे," म्हणाले.

साहेबांनी बोट एक ओळ वर नेलं. "झाडं आहेत ना?"

"आहेत."

"हिरवी?"

"तपकिरी."

"चालेल. मे महिन्यात आमच्या सगळ्याच बागा तपकिरी असतात."

असा आमचा खडक उद्यान झाला. आनंदाने मी बसस्टॉपवर सरांना पेढे दिले. त्यांनी अर्धा खाल्ला आणि अर्ध्याला लॅटिन नाव नसल्यासारखं तोंड करून खिशात ठेवला. उद्यान म्हटल्यावर पुढे काय काय येतं, याची आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

पहिल्यांदा फाटक आलं. कुंपणाला मंजुरी नव्हती, पण फाटकाला होती. लोखंडी, दोन झडपांचं, कुलूपकडीसह. कंत्राटदाराच्या माणसांनी ते ओहोटी बघून खडकात सिमेंटने बसवलं. मागून सिमेंटचे दोन बाक आले, तेही समुद्राकडे तोंड करून खडकावर बसले. भरतीला बाक आणि फाटक दोन्ही बुडत. फाटकाच्या वरच्या कमानीवर तेवढा एखादा बगळा उभा दिसे. सहा महिन्यांत बाकांवर कालवांचे शिंपले धरले आणि गावातल्या बाया कोयती घेऊन बाकांवरची कालवं फोडायला लागल्या. नव्या शहरातल्या कुठल्याही बाकाचा एवढा उपयोग झाला नसेल. बाकांपाठोपाठ फलक आला, तो मात्र किनाऱ्यावर, कोरड्यात. "उद्यान सकाळी ६ ते ८ व सायंकाळी ५ ते ७ खुले राहील. फुले तोडू नयेत. हिरवळीवर चालू नये. कुत्री आणू नयेत."

आणि माळी आले. त्यांना मी मामा म्हणायची. पन्नाशीचे, काटक, त्याच गावचे. गावामागे त्यांची खाडीकाठची भातजमीन होती. ती नव्या शहरासाठी घेतली गेली, तिच्यावर मुरूम पडला आणि वरून रस्ता गेला. बदल्यात घरटी एक नोकरी, ती ही. ऑफिसने त्यांना खाकी कपडे, शिट्टी, झारी, खुरपं आणि एक नोंदवही दिली होती. पहिल्या दिवशी ते सकाळी सहाला हजर झाले आणि आठपर्यंत भरतीच्या पाण्याकडे बघत बसले. दुसऱ्या खेपेला मी गेले तेव्हा फलकावरच्या वेळेखाली कोळशाने लिहिलेलं होतं, "फक्त अवस पुनव."

"काय बाय," ते मला म्हणाले, "ही बाग रोज येत नाय."

नोंदवही त्यांनी मला दाखवली. रकाने छापील होते आणि मामा एकही रिकामा सोडायचे नाहीत. पाणी घातले काय : घातले, भरपूर. खत : समुद्र घालतो. फुले : नाय. मेलेली रोपे : म्हाईत नाय, व्हाऊन गेली. आलेली मुले : मासे धरून की सोडून? ज्या दिवशी ओहोटी मोठी नसे त्या दिवशी एकच ओळ : "आज बाग निघाली नाय." महिन्याच्या शेवटी ही वही ऑफिसात जाई आणि सही होऊन परत येई. कोणी वाचत असेल असं मला वाटत नाही.

फाल्गुनात टँकर आला. उन्हाळ्यात सगळ्या उद्यानांना टँकरने पाणी जायचं, यादीत आमचंही होतं. ड्रायव्हर हिंदीभाषक. त्याने समुद्र पाहिला, फलक पाहिला, पुन्हा समुद्र पाहिला आणि मला विचारलं, "मॅडम, इसमें पानी डालना है?"

मी काही बोलायच्या आत मामा पुढे झाले. "डालनेकाच है," म्हणाले, "लेकिन इदर नको, उदर." आणि त्यांनी गावाकडे हात केला. त्या गावात होळीनंतर विहिरी खाऱ्या होत आणि बायका हंडे घेऊन मैलभर जात. त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा टँकर यायचा, बायका हंडे लावून उभ्या असायच्या, शेवटी उरलेली एक झारी मामा नेमाने समुद्रात ओतायचे आणि मग ड्रायव्हरच्या कागदावर सही करायचे. खोटी सही करणारा माणूस नव्हता तो. गावाला त्या शेवाळात काय आहे हे कधी कळलं नाही, पण त्याला हात लावू द्यायचा नाही, हे सगळ्यांना त्या उन्हाळ्यात पटलं.

मी खूश होते. सर नव्हते. "बाक कशाला?" ते दर वेळी विचारत. पण खडक होता, रान होतं, मुरूम आला नव्हता.

पावसाळ्यात आमच्या साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी जे आले ते तरुण होते, नीटनेटके, शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी. नकाशावर असेल ते जमिनीवर असलंच पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. मला एरवी अशी माणसं आवडतात. ते ऐन श्रावणात, न सांगता, नेमक्या ओहोटीला जाऊन आले. पुढच्या आठवड्यात मामांना पत्र गेलं : उद्यानातील सर्व रोपे नष्ट झाल्याचे दिसून आले, सात दिवसांत खुलासा करावा.

मामांनी ते पत्र माझ्या घरी वाशीला आणलं. बसायला सांगितलं तरी उभेच राहिले. "ही नोकरी गेली तं दुसरी नाय बाय," म्हणाले. "जमीन एकदाच जाते, नोकरी बी एकदाच भेटते."

मी पत्र घेऊन ऑफिसात गेले. साहेबांना समजावलं, की हे शेवाळ दर पावसाळ्यात झडतं. लाटा ते तोडून नेतात. खडकाला फक्त बोटभर बुडखा चिकटून राहतो आणि पाऊस संपला की त्याच बुडख्याला नवी फूट येते. दर वर्षी.

साहेबांनी पट्टीने टेबलावर हळू ताल धरला. "म्हणजे रोपं रजेवर आहेत."

"तसं म्हणा."

"रुजू कधी होणार?"

"दिवाळीपर्यंत दिसायला लागतील."

"कार्तिकी पौर्णिमेला मी स्वतः येतो," ते लिहून घेत म्हणाले. "रुजू झालेली असली तर आरक्षण कायम. नसली तर रद्द, आणि मुरमाच्या गाड्या दुसऱ्या दिवशी चालू. गोदामवाले माझ्या मागे लागलेत."

मला कसलीच काळजी वाटली नाही. मी सहा वर्षं त्या बुडख्यांना फूट येताना पाहत होते. घरी येऊन आंघोळ करून दोन वेळा जेवले.

गणपती झाले. पितृपक्षातल्या अवसेला पहाटेच्या एस.टी.ने गेले. मामा आणि मामी फाटकापाशी उभे होते, दोघंही खुशीत. मामांनी शिट्टी वाजवून फाटक उघडलं. कुंपण नसलं तरी आत जायचं ते फाटकातूनच, असा त्यांचा नियम होता.

खडक घासलेल्या ओट्यासारखा लख्ख होता.

"एक पन धसकट ठेवलं नाय," मामा म्हणाले. "आमी दोघं, पोरी, जावई, सगले लागलो. तीन दिस कोयत्यानं खरवडलं. चवदा टोपल्या निंगाल्या. मोठा साहेब येनार, बाग साफ पायजे." मामी म्हणाल्या, "नारलांच्या बुडाला घातलं सगलं. वाया नाय घालवलं."

त्यांनी सगळे बुडखे काढून टाकले होते. भात कापल्यावर राहिलेली धसकटं काढून, पुढच्या पिकासाठी जमीन साफ करतात तसे. पिढ्यान्‌पिढ्या जे केलं तेच त्यांनी इथे केलं होतं, आणि मन लावून केलं होतं. नोंदवहीतही लिहिलं होतं : कचरा काढला, चौदा टोपल्या.

मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" हे बरेचदा बोलले असणार. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस हातात शिट्टी घेऊन खाली मान घालून उभा होता आणि मामी पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत होत्या. मी खडकावर बसले आणि मोठ्याने रडले. मग शांत झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की बुडख्यांचं मी साहेबांना सांगितलं, सरांना सांगितलं, आईलासुद्धा सांगितलं होतं. रोज त्या खडकापाशी बसणाऱ्या माणसाला मात्र सांगायचं मला सुचलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती सांगण्याइतकी अक्कल तेव्हा नव्हती.

"नवं उगवनार नाय का?" मामांनी विचारलं.

"उगवेल. दोन-तीन वर्षांनी. कार्तिकी पुनवेपर्यंत नाही."

मामांनी पाण्यापलीकडे बोट केलं. मग म्हणाले, "बाहेरच्या खडपावर हाय हे. भावाच्या होडीतून बघलाय मी. तिथून रोपं काडू. लावनी करू."

"मामा, हे भात नाही."

"भात नाय ते मना दिसते, बाय," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा धार आली. "पन एका जागची रोपं काडून दुसऱ्या जागी लावायची, ती जगवायची, हे आमाला येते."

खरं सांगायचं तर त्यांच्याकडे उपाय होता आणि माझ्याकडे पदवी होती.

बाहेरचा खडक होडीने अर्ध्या तासावर होता. तिथे कोयते कधी पोचले नव्हते. कोजागिरीच्या आसपासच्या चार दिवसांत आम्ही छिनी-हातोडीने बुडख्यांसकट खडकाचे कपचे काढले, फक्त विरळ विरळ, एक घेऊन चार सोडत. हा माझा हट्ट. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले. मामींनी गावातल्या बाया गोळा केल्या. टँकरची आठवण एकीलाही करून द्यावी लागली नाही. सकाळच्या ओहोटीत पंधरा बाया कासोटा मारून, खडकावर ओणव्या, समुद्राकडे पाठ करून एक एक पाऊल मागे सरत होत्या. प्रत्येकीच्या कमरेला काथ्याचं बंडल. कपचा घ्यायचा, खडकाच्या भेगेत ठोकायचा, काथ्याने आवळायचा, मागे सरायचं. मीही त्यांच्यात होते. माझी रांग वाकडी जात होती. शेजारची बाई म्हणाली, "ही कालेजात शिकली तं अशी लावते, शिकली नसती तं काय केलं असतं?" आणि सगळ्या ओणव्याच हसल्या.

या देखाव्यात सर येऊन पोचले, छत्रीसह.

"हे काय चाललंय?" ते किनाऱ्यावरून म्हणाले.

"लावणी, सर."

"हे नैसर्गिक राहिलं नाही!" त्यांनी छत्री रांगांवर रोखली. "निसर्ग रांगेत उभा राहतो का?" आणि खडकावर येऊन दुःखाने मटकन बाकावर बसले. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. त्यांची पँट अशी फाटली, की परतीच्या एस.टी.त ते मुंबईपर्यंत छत्री मागे धरून उभे होते. बिचाऱ्यांनी नंतर मला पत्र लिहिलं, की अंतर मोजून लावत असाल तर निदान माप कळवा. मी मामांना माप विचारलं. "वीत," म्हणाले. ते मी सरांना कळवलं.

कार्तिकी पौर्णिमेला साहेब आले. जीपमधून, पट्टीसह, भर दुपारी बाराला. पौर्णिमेच्या दुपारी बाराला भरती किती असते हे मुंबईच्या कोणत्याही कोळ्याला विचारा. किनाऱ्यापर्यंत पाणी. फाटकाच्या कमानीवर बगळा.

"उद्यान कुठंय?"

मामा खाकी कपडे इस्त्री करून उभे होते. "बंद हाय."

"मी तपासणीला आलोय."

"बोर्डावर वेल लिवलीय, साहेब. सायंकाली पाच. तुमच्याच आपिसानं लिवलीय."

साहेबांनी फलक वाचला. नकाशावर असेल ते जमिनीवर असलंच पाहिजे, अशा माणसाला छापील वेळ मोडता येईना. ते पाच तास मामांच्या ओट्यावर बसले. मामींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं, ते त्यांनी दोनदा मागून घेतलं. मी दर घासाला उठून पाण्याकडे बघून येत होते. महिन्याभरात बोटभर बुडख्याची किती फूट झाली असेल, पाठीमागच्या उधाणात काय काय वाहून गेलं असेल, काही माहीत नव्हतं. मुरमाच्या दोन गाड्या सकाळपासून फाट्यावर उभ्या होत्या. येताना मी त्या पाहिल्या होत्या.

पाच वाजेपर्यंत पाणी बरंच उतरलं. फाटक वर आलं, मग बाक आले. मग पाण्याखाली काळपट रेघा दिसायला लागल्या, एकीशेजारी एक. पाणी आणखी उतरलं आणि रेघांची झुडपं झाली. ढोपराएवढी, कोवळी, पिवळट तपकिरी, फुग्यांसकट. सबंध खडकभर, विती-वितीवर.

मामांनी कुलूप काढलं, फाटक उघडलं. साहेब आत गेले आणि पहिलं पाऊल रांगेवर टाकणार तोच मामांनी शिट्टी फुंकली.

"हिरवलीवर चालू नये, साहेब."

साहेब एका पायावर थांबले. मग पाय मागे घेऊन, रांगांच्या मधून, पँट वर धरून शेवटपर्यंत जाऊन आले. वाकून पट्टीने दोन ठिकाणी अंतर मोजलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. एवढं सरळ काही त्यांना नव्या शहरात दुसरीकडे सापडलं नसावं. बाकाकडे निघाले तेव्हा मीच त्यांना आवरलं.

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "फक्त मध्ये ही एक मोकळी पट्टी ठेवलीय, ती वाकडी गेलीय. ती सरळ करून घ्या."

"ती तशीच राहील," मामा म्हणाले.

"का?"

"तो बांध हाय."

साहेबांना काही कळलं नाही. पण रकान्यात बांध नव्हता, म्हणून त्यांनी पुढे विचारलंही नाही. वहीत लिहिलं : रोपे रुजू. रांगा सरळ. आरक्षण पुढील आदेशापर्यंत कायम. सही केली. जीप गेली, पाठोपाठ फाट्यावरच्या गाड्या रिकाम्या गेल्याचं मामांच्या जावयाने येऊन सांगितलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी मामींच्या गळ्यात पडले.

चंद्र वर आला होता, उद्यान बंद व्हायला अजून थोडा वेळ होता. मामा आणि मी फाटकापाशी उभे होतो. मी त्यांना बांधाचं विचारलं.

"आमच्या शेताला व्हता तसा," ते म्हणाले. "आजा वडाला वळसा घालून बांध घालून गेला. वड नंतर पडला, बांध वाकडाच ऱ्हायला. लावताना हात तसाच गेला." मग म्हणाले, "आता याच्यावर मुरूम नाय ना टाकनार?"

"नाही," मी म्हटलं. "लिहून दिलंय त्यांनी." मी वहीतली सही दाखवली.

मामांनी वही घेतली, ओळीवर बोट फिरवत वाचली, बंद केली आणि खाकी शर्टाच्या आत ठेवली.

"आमाला पन लिवूनच दिलं व्हतं, बाय," म्हणाले. आणि सात वाजले म्हणून शिट्टी वाजवून त्यांनी फाटक लावलं.

चार पावसाळे ते उद्यान तग धरून होतं. बुडखे कोणी काढले नाहीत. रांगा हळूहळू भरत गेल्या, नवी रोपं मध्ये मध्ये उगवली. सरांना ते पुन्हा नैसर्गिक वाटायला लागलं आणि त्यांनी माझ्याशी पूर्वीसारखं बोलायला सुरुवात केली. वाकडी पट्टी तेवढी मोकळी राहिली. मामा तिच्यात काही उगवू देत नसत.

मग एका सकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. सोसायटीचे सेक्रेटरी कोणाला तरी "खाली थांबा, खाली थांबा" म्हणत होते. दार उघडलं तर मामा. खांद्यावर गोणपाटाचं भलंमोठं ओझं, त्यातून तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत खारं पाणी गळत आलेलं. मागे त्यांचा जावई, दोन्ही हातांत तेलाचे जुने डबे. मामांनी ओझं दारात उतरवलं आणि शर्टाच्या आतून कागद काढून मला दिला.

पुढील आदेश आला होता. सदर उद्यान, माळी, फाटक, दोन बाक व फलक यांसह, कामोठे येथील भूखंडावर हलवण्यात येत आहे. आठ दिवसांत कार्यवाही करावी.

"फाटक आनी बोर्ड टेम्पोत गेला," मामा म्हणाले. "बाक निंगत नाय. मुरूम कालपासून चालू जाला, त्याच्या आदी जेवढी निंगाली तेवढी रोपं काडली. बुडख्यासकट." ते दम खायला थांबले. "कामोठ्याला जाऊन बघून आलो बाय. तिथं समुद्र नाय. एक हीर हाय, गोड्या पान्याची."

मी गोणपाट उघडलं. कपचे एकावर एक नीट रचलेले, प्रत्येकाला बुडखा, प्रत्येक बुडख्याला कोवळी फूट, अजून ओली.

"कुठं लावू ते सांगा," मामा म्हणाले.

मला माहीत नव्हतं. आई मागून आली, तिने दारातलं पाणी पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि न्हाणीघरातलं पिंप आडवं करून भरलेलं सगळं पाणी ओतून टाकलं. त्या दिवशी नळाला पुन्हा संध्याकाळपर्यंत पाणी येणार नव्हतं. मामांनी जावयाच्या हातातले डबे घेतले.

"पानी आनलाय," म्हणाले, आणि पिंपात समुद्र ओतायला लागले.